कानाएचं अप्रेझल

१२ जानेवारी २०२५, रविवार

नोकरी सुटली की इथली माणसं भाजी लावतात नाहीतर डायरी लिहितात. आमच्या गार्डनमध्ये कोल्हे येऊन सगळं उकरून ठेवतात, म्हणून डायरी.

इंग्लंडात रीडिंगला एकाच कंपनीत एकोणीस वर्षं काढली, शेवटची अकरा डिलिव्हरी मॅनेजर म्हणून. नोव्हेंबरमध्ये रिडंडन्सी. केक कापला, दोन भाषणं झाली, लॅपटॉप काढून घेतला. नवरा, विनय, म्हणाला, "नीना, आता जरा आराम कर." मी म्हटलं, आराम तू कर, तुला जमतो. आठवड्याभरात गॅरेज रिकामं केलं, भिंती काळ्या रंगवून घेतल्या आणि 'छायारंग आर्ट्स' सुरू केलं. स्टाफ एक, मी. आर्टिस्ट एक, कानाए.

कानाए मोरिशिता. जपानची, एकतीस वर्षांची. छोट्याशा ब्लेडने कागद कापते आणि त्या कागदामागे दिवा फिरवून भिंतीवर सावल्यांचं नाटक करते. एकटीच. उन्हाळ्यात लायब्ररीत तिचं वर्कशॉप पाहिलं तेव्हाच म्हटलं, ही पोरगी गुणी आहे, पण हिला धरून चालवणारं कुणी नाही. तेव्हा ती एका कॅफेत कप धुवायची. आता आमच्या बॉक्सरूममध्ये राहते आणि दिवसभर गॅरेजमध्ये काम करते. तिला एवढी जागा आयती कोण देणार होतं?

एकच गोष्ट डोक्यावर आहे. तिचा दोन वर्षांचा व्हिसा २० मेला संपतो आणि तो वाढवून मिळत नाही. त्याआधी ग्लोबल टॅलेंट व्हिसासाठी कलेतल्या एका मोठ्या संस्थेने तिला मान्यता द्यायला हवी. नाही दिली तर परत. मी विचारलं, परत गेलीस तर काय बिघडेल गं? ती हळू इंग्लिशमध्ये म्हणाली, "तिथे हे काम एकदा सोडून आले आहे. दुसऱ्यांदा कुणी सुरू करू देणार नाही."

जरा नाटकीच बोलते.

१६ जानेवारी, गुरुवार

आज एक छान झालं. गुरूला तुमच्यात काय म्हणतात विचारलं तर म्हणाली, सेन्सेइ. मी म्हटलं, मग मला तू सेन्सेइ म्हटलंस तरी चालेल हो, नीनासान नीनासान काय लावलंयस. तिने हातातलं ब्लेड खाली ठेवलं, उठून उभी राहिली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "हो, सेन्सेइ."

विनयला सांगितलं तर म्हणाला, "तू तिला शिकवतेस काय?" म्हटलं, शिस्त. त्यावर पेपर वर करून बसला.

२ फेब्रुवारी, रविवार

कम्युनिटी हॉलमध्ये पहिला शो. ब्याऐंशी माणसं.

गोष्ट तिच्या आईच्या इस्त्रीच्या दुकानाची आहे. समुद्राकाठचं गाव, दोरीवर शर्ट टांगलेले, आणि एकेक करून शर्ट न्यायला येणारी माणसं कमी होत जातात. शेवटी नुसते शर्ट वाऱ्यावर हलतात. बस, एवढंच. पंचेचाळीस मिनिटं. पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या इंग्लिश बायका डोळे पुसत होत्या. मंडळातली देविका कुलकर्णी, जी स्वतःच्या मुलाच्या ग्रॅज्युएशनलाही रडली नव्हती, तीसुद्धा.

शो संपल्यावर मी स्टेजवर जाऊन दोन शब्द बोलले. वीस मिनिटं झाली म्हणे. कानाए मागे दिवा धरून उभी होती. तिला बसायला सांगायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर लगेच फीडबॅक दिला, ताजा असतानाच द्यायचा असतो. लांबी कमी कर. शेवट पॉझिटिव्ह कर. एक तरी शर्ट कुणीतरी न्यायला येऊ दे. तिने वहीत सगळं लिहून घेतलं आणि थँक यू म्हणाली. एका शब्दाने वाद घालत नाही, हे मात्र तिचं चांगलं आहे. ऑफिसात असा एक माणूस मिळाला असता तर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एका कागदाला दोन आठवडे. हो, दोन आठवडे! पावसाचा सीन आहे, त्यातली प्रत्येक रेघ वेगळी कापते. मी म्हटलं, अगं लेझर कटर भाड्याने मिळतो. ती हसली आणि पुन्हा कापायला लागली. हसण्याचा अर्थ काय घ्यायचा सांगा.

२२ फेब्रुवारी, शनिवार. कार्डिफ

आमची लेक अक्षया इथे युनिव्हर्सिटीत आहे, तिनेच कॉलेजजवळच्या एका छोट्या थिएटरमध्ये शो लावून दिला. मी ड्राइव्ह केलं, कानाए मागच्या सीटवर कागदांचा खोका मांडीवर घेऊन. सेव्हर्नच्या पुलावर वाऱ्याने गाडी हलली तर तिने खोक्यावर अंग टाकलं, जणू तान्हं मूल आहे.

शो उत्तम झाला. शर्ट न्यायला कुणीही आलं नाही, शेवट जसा होता तसाच ठेवलाय तिने. म्हणजे वहीत लिहून घेतलं ते काय होतं?

थिएटरची प्रमुख ग्वेनन नावाची बाई. शो संपल्यावर सरळ कानाएकडे गेली, तिचे दोन्ही हात धरले आणि अर्धा तास बोलत बसली. मी शेजारीच उभी होते. माझी ओळख अक्षयाने करून दिली, तर बाई म्हणते, "ओ, तुम्ही ड्रायव्हिंग केलंत, कित्ती छान!"

मी हसले. मला हसता येतं.

३ मार्च, सोमवार

आज सकाळी कानाए किचनच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी पोहे करत होते. दहा मिनिटं नुसती उभी. शेवटी मीच म्हटलं, बोल.

ग्वेननने तिला आठ महिन्यांची रेसिडेन्सी दिली आहे. कार्डिफला. राहायची सोय, स्टुडिओ, नवीन नाटक. कानाए मोरिशिता, एवढंच नाव. छायारंग कुठेही नाही. आणि अर्थात व्हिसा मिळाला तरच.

"सेन्सेइची परवानगी असेल तरच," ती म्हणाली. मान खाली.

मी म्हटलं, "अगं जा की! यात परवानगी कसली?" आणि पोहे करपले.

मग तिने दुसरं विचारलं. व्हिसासाठी तीन शिफारसपत्रं लागतात. एक क्योतोच्या तिच्या जुन्या बाई देतात, एक ब्रिस्टलच्या थिएटरचा डिरेक्टर, तिसरं मी देईन का? जिने इथलं काम सगळ्यात जवळून पाहिलं तिचं पत्र महत्त्वाचं, असं ग्वेनन म्हणाली. म्हणजे आता ग्वेननला मी आठवले.

देईन म्हटलं. का नाही देणार? मी काय कोत्या मनाची आहे?

५ मार्च, बुधवार

पत्र लिहिलं. दुपारी जेवण झाल्यावर बसले ते चहापर्यंत. एकोणीस वर्षांत शंभरेक अप्रेझल्स लिहिली, त्यामुळे हात बसलेला आहे. आधी पार्श्वभूमी, मग टेबल.

क्रिएटिव्हिटी: पाचपैकी चार. टीमवर्क: साडेतीन. वक्तशीरपणा: चार. इनिशिएटिव्ह: तीन. कम्युनिकेशन: अडीच. वेग: दोन. एकूण: मीट्स एक्स्पेक्टेशन्स.

पाच मी आयुष्यात कुणाला दिले नाहीत. पाच मिळाले की माणूस संपतो. माझ्या टीममधल्या पोरांना माहीत असायचं, नीना मॅडमचे चार म्हणजे दुसरीकडचे सहा.

खाली सुधारणेच्या जागा लिहिल्या: "कानाएचं काम चांगलं आहे, मात्र ती फार हळू काम करते. स्वतःची बाजू मांडता येत नाही. मार्गदर्शन ऐकून घेते पण नेहमी अमलात आणत नाही. योग्य देखरेखीखाली तिची प्रगती होऊ शकेल. सध्या ती स्वतंत्रपणे मोठं काम पेलेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही."

राग वगैरे अजिबात नव्हता. राग असता तर वेगात दोन दिले नसते, एक दिला असता.

विनयने मागून डोकावून वाचलं. "हे रेकमेंडेशन आहे का प्रगतिपुस्तक?" म्हणाला. म्हटलं, खोटी स्तुती करणारी पत्रं ते लोक पोत्याने वाचतात. प्रामाणिक पत्र उठून दिसतं. तो म्हणाला, "उठून दिसेल खरं." नेहमीसारखं अर्धवट बोलून टीव्ही लावला.

७ मार्च, शुक्रवार

सही करून पत्र तिच्या हातात दिलं. फॉर्म तिचा तीच भरणार, पत्रंही तीच अपलोड करणार. पाकीट बंद केलं नव्हतं. लपवण्यासारखं काय आहे? अप्रेझल माणसाच्या तोंडावर द्यावं, पाठीमागे देऊ नये, हे माझं तत्त्व.

तिने उभ्या उभ्या वाचलं. एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून. चेहऱ्यावर काही नाही. मग दोन्ही हातांनी ते पत्र कपाळापर्यंत उचललं, वाकली आणि म्हणाली, "माझ्यासाठी इतका वेळ दिलात. थँक यू, सेन्सेइ."

मला भरूनच आलं. आपली मुलं अशी कधी वाकतात का? अक्षयाला साधा फोन करायला सांगावं लागतं.

३० मार्च, रविवार

पाडवा, आणि इथला मदर्स डेही आजच. मंडळाच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाला कागदाची गुढी द्यायची माझी कल्पना. शुक्रवारी कानाएला सांगितलं, साठ हव्यात. आज सकाळी साठ तयार. साखरेच्या गाठीची प्रत्येक चकती सुटी कापलेली. बोटांना पट्ट्या लावल्या होत्या, पण हू की चू नाही. सगळ्या बायका विचारत होत्या, कुठून आणल्या? म्हटलं, आमच्या छायारंगच्या.

अक्षया कार्डिफहून आली होती. कानाएच्या बोटांकडे बघून म्हणाली, "आई, तिचा ॲप्लिकेशन चालू आहे, आणि तू तिला पार्टीचं काम देते?" म्हटलं, हातात काम असलं की मन शांत राहतं. आणि ॲप्लिकेशन दहा तारखेलाच गेलंय, आता नुसती वाट बघायची. तिने माझ्यासाठी आणलेली फुलं तशीच टेबलावर टाकली आणि वर जाऊन कानाएशेजारी बसली.

श्रीखंड छान झालं होतं. केशर जरा जास्त.

२९ एप्रिल, मंगळवार

नाही म्हणाले.

ईमेल सकाळी आलं. कानाएने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. मी वाचलं. कामाचे नमुने चांगले आहेत, वृत्तपत्रातली समीक्षा चांगली आहे, दोन पत्रं तिला या क्षेत्रातली विलक्षण उगवती कलाकार म्हणतात. मात्र तिसऱ्या पत्रात तिच्या स्वतंत्र क्षमतेबद्दल गंभीर शंका आहेत, त्यामुळे आवश्यक पातळी सिद्ध होत नाही.

माझं डोकंच फिरलं. कुणी केला हा हलकटपणा? माणूस गोड बोलून पत्र देतो आणि आत सुरी फिरवतो! मी कानाएला म्हटलं, "तू घाबरू नकोस, मी शोधून काढते." तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. मग "माझंच काम कमी पडलं, सेन्सेइ," एवढंच म्हणाली आणि गॅरेजमध्ये निघून गेली.

बघा, हेच ते. स्वतःची बाजू मांडता येत नाही.

४ मे, रविवार

ब्रिस्टलच्या डिरेक्टरला खरमरीत ईमेल लिहिलं होतं, की एका मुलीच्या आयुष्याशी खेळताना लाज वाटली नाही का. त्याचं उत्तर आलं. त्याने स्वतःचं पत्रच जोडून पाठवलंय. पानभर नुसती स्तुती, "पंधरा वर्षांत अशी कलाकार पाहिली नाही" वगैरे. शेवटी लिहिलंय, "तुमच्या पत्राची प्रत मला पाठवाल का?" आगाऊ मेला.

तो नाही, तर मग क्योतोची ती बाई. तिनेच. आपलं माणूस वर चाललेलं आपल्याच माणसाला बघवत नाही. हे जपानातही आहे म्हणायचं. विनयला सांगितलं. तो म्हणाला, "नीना, तिसरं पत्र म्हणजे कुठलं, नीट विचार कर." म्हटलं, केला. क्योतोचं. तो चपला घालून बाहेर पडला. पावसात.

निकाल पुन्हा तपासायला सांगता येतो, पण त्यात नवीन पत्र जोडता येत नाही म्हणे. सगळं नव्याने करायला दिवस उरले नाहीत. ग्वेननचा कानाएला रोज फोन येतो. ती बाहेर गार्डनमध्ये जाऊन बोलते.

१६ मे, शुक्रवार

हीथ्रोला सोडून आले. कागद बरोबर नेता आले नाहीत, खोका फार मोठा होता. तिने ते सगळे काल ग्वेननला पार्सल केले. इतके दिवस माझ्या गॅरेजमध्ये कापले आणि माझ्यासाठी एक ठेवावासा वाटला नाही तिला! लागलं मला.

चेक-इनच्या रांगेत तिने मला पुन्हा वाकून नमस्कार केला. मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी ताठ. कानात म्हटलं, "तिथे जाऊन खचू नकोस. वेग वाढव, आणि बोलायला शीक." ती म्हणाली, "हो, सेन्सेइ. लक्षात ठेवीन."

परत येताना एम फोर हायवेवर रडू आलं. खरंच आलं. सर्व्हिसेसला गाडी थांबवून रडले. ती पोरगी मला आवडत होती.

२२ जून, रविवार

अक्षया आली, काल. जेवण झाल्यावर फोन माझ्यासमोर धरला.

"कानाएकडून सगळा फाइल मागितला मी. हे तुझं पत्र आहे ना?"

"हो. मग?"

"दोन आऊट ऑफ फाइव्ह, आई? व्हिसाच्या पत्रात? तिसरं पत्र तुझं होतं! क्योतोची बाई नाही, कुणी नाही, तू होतीस!"

मी सांगायला लागले, की ते चार म्हणजे माझ्याकडचे चार, आणि विनय मध्येच म्हणाला, "मी तुला त्याच दिवशी म्हटलं होतं." म्हटलं, तू काय म्हटलंस? तू टीव्ही लावलास!

एक क्षण मलाही पटलं, खोटं कशाला लिहू? बीपीची गोळी घेतली.

मग डोकं ताळ्यावर आलं. मी अक्षयाला विचारलं, "अपलोड कुणी केलं? तिनेच ना? पत्र दोनदा वाचलं होतं तिने, माझ्यासमोर. नको असतं तर नसतं लावायचं. ग्वेननचं घ्यायचं."

अक्षया रडायलाच लागली. "मी हेच विचारला तिला. ती म्हणाली, सेन्सेइनी लिहून दिलेलं बाजूला ठेवून दुसऱ्याकडे मागायचं, असं करता येत नाही. त्यांना कसं तोंड दाखवू? तूच तिला सेन्सेइ म्हणायला लावलीस, आई! तुला माहीत तरी आहे ते काय असते?"

म्हणजे तिला ते पटलं होतं. पटल्याशिवाय कुणी स्वतःच्या हाताने पाठवतं का? मी हे अगदी शांतपणे म्हटलं. अक्षया माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुणी परकी बाई आहे. बॅग उचलून सहाच्या ट्रेनने गेली. विनय तिला स्टेशनवर सोडायला गेला तो दोन तास आला नाही.

मुलं इथे जन्मली की गुरूबद्दलचा आदर वगैरे समजावणं अवघडच.

१९ जुलै, शनिवार

गॅरेजमध्ये देविकाच्या बॉलीवूड पपेट्सची पहिली तालीम. फार आवाज. पण ठरलेल्या वेळेत संपली.

१४ सप्टेंबर, रविवार

आज कानाएचं ईमेल आलं! चार महिन्यांनी. मराठीत उतरवून ठेवते, कारण असा फीडबॅक मला ऑफिसातही कुणी दिला नव्हता.

"प्रिय नीना सेन्सेइ, उशिराबद्दल क्षमा करा. मी आता एका मोठ्या दुकानात भेटवस्तू गुंडाळून देण्याच्या काउंटरवर काम करते. तुम्ही पत्रात लिहिलं होतं की मी फार हळू आहे, ते खरं होतं. रोज सराव केला. आता एक खोका गुंडाळायला मला चाळीस सेकंद लागतात. मजल्यावर माझ्याइतकं भराभर कुणी करत नाही. गिऱ्हाइकांशी मोठ्याने बोलायलाही शिकले. सकाळी सगळ्यांच्या आधी मीच स्वागताचे शब्द ओरडते. कागद आता कापत नाही. ब्लेड आईकडे ठेवायला दिलं आहे. ग्वेननना मी पत्र लिहू शकले नाही, त्यांनी विचारलं तर माझ्या वतीने माफी मागाल का? तुमच्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे."

दोनदा वाचलं. विनयला मोठ्याने वाचून दाखवलं. तो मध्येच उठून गेला, त्याला कुणाचं कौतुक ऐकवतच नाही.

अक्षयाला फॉरवर्ड केलं. वर लिहिलं, "बघ! मी म्हटलं होतं ना, मनावर घेतलं तर जमतं तिला." उत्तर आलेलं नाही. मार्च-एप्रिलपासूनच तिचं असं चाललंय.

कानाएला लगेच उत्तर दिलं, की चाळीस सेकंद म्हणजे फारच छान प्रगती, शाबास. आणि आता तिथेच थांबू नकोस, पस्तीसचं टार्गेट ठेव.